घरचे कोल्ड क्रीम आणि टाकणखार

थंडी पडली की घरी कोल्ड क्रीम करायची हौस येते, नाही का मैत्रिणींनो? मधमाशीचे मेण, बदामाचे तेल, गुलाबपाणी आणि चिमूटभर टाकणखार. तेल आणि पाणी एरवी एकजीव होत नाहीत. मेणातल्या आम्लाशी टाकणखाराचा संयोग होऊन साबण बनतो, तोच दोघांना धरून ठेवतो.

टाकणखार धड कातडीतून फारसा आत शिरत नाही. फाटक्या, खरचटलेल्या कातडीतून मात्र शिरतो. म्हणून असले क्रीम भेगांना, इसबावर लावू नका. गर्भारपणी आणि तान्ह्या बाळाला तर मुळीच नको. युरोपात हा क्षार प्रजननाला घातक ठरवला आहे.

मग करायचे काय? पाणी घालूच नका! एक भाग मेण, चार भाग तेल मंद आचेवर वितळवा. टाकणखाराची गरजच उरत नाही.

आणि हो, बाळाचे तोंड आले की मधातून टाकणखाराची लाही चाटवतात, तेही सोडा. मध-टाकणखारात बुडवलेल्या चोखणीमुळे सात बाळांना आकडी आल्याची नोंद १९८३ साली झाली आहे. वर्षाच्या आत नुसता मधसुद्धा नको. सरळ डॉक्टरांना दाखवा.