परत करणाऱ्याच्या हाती काय? तेरच्या पांढरीवरून काही प्रश्न

१/ पावसाळ्यात तेरच्या पांढरीची माती वाहून जाते आणि मणी, शिशाची नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती उघड्या पडतात. मग ठरलेला शेरा ऐकू येतो : 'गावकऱ्यांना वारशाची किंमत नाही, सापडले की विकून टाकतात.' या शेऱ्याला माझा आक्षेप आहे. किंमत गावकऱ्यांना कळते. ती मोजण्याची तयारी कायद्याची नाही. #थ्रेड

२/ आधी स्थळ. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर सांगितले आहे. तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई.

३/ तेरचा हा वैभवकाळ केवळ उत्खननांतून समोर आला नाही. गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांतून, पांढरीतून, गावकऱ्यांकडून हजारो वस्तू जमवल्या. आज त्या त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहेत. पॉम्पेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगणारी तेरची प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीप्रतिमा तेथेच आहे.

४/ या संग्रहालयाचा पाया सरकारी हुकमाने घातलेला नाही. तो ओळखीच्या माणसावरील विश्वासाने घातला गेला. आता याउलट कायद्याची भाषा पाहू.

५/ १८७८ चा 'इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट'. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास कलेक्टरला लेखी कळवावे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मूळ मालक न मिळाल्यास सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला. इथवर न्याय्य वाटते.

६/ मेख कलम १६ मध्ये आहे. सरकारला ती वस्तू स्वतःकडे ठेवायची असल्यास द्यायची काय? तिच्यातील द्रव्याची किंमत, अधिक त्या किमतीचा एक पंचमांश. द्रव्याची! सोन्याला हा हिशेब थोडाफार चालेल. पण सातवाहनांच्या दहा ग्रॅमच्या शिशाच्या नाण्याचे काय? शिसे दोनशे रुपये किलो धरा : दोन रुपये चाळीस पैसे. भाजलेल्या मातीच्या मूर्तीचा हिशेब आपणच करावा.

७/ हा कायदा झाला तेव्हा धाराशिव निजामाच्या राज्यात होते, हे खरे. पण शोधणाऱ्याकडे आधी संशयाने पाहायचे आणि मग मातीमोल भाव द्यायचा, ही वृत्ती त्या सरहद्दीवर थांबली नाही.

८/ वस्तू परत करणाऱ्याशी राज्यसंस्था कशी वागते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील बेसबॉलचे. तेथे प्रेक्षकांत गेलेला चेंडू झेलणाऱ्याचाच होतो. सप्टेंबर १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरच्या विक्रमी ६२ व्या होमरनचा चेंडू परत करणाऱ्यावर भेट-कर बसू शकतो, असे करखात्याच्या बाजूने बोलले गेले. लोक संतापले. खात्याच्या प्रमुखांनीच खुलासा केला : परत करणाऱ्यास कर नाही, विकणाऱ्यास मात्र आहे.

९/ क्षुल्लक चेंडूसाठी खाते बोलले. आपल्याकडे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४७ ने सरकारला वा सार्वजनिक संग्रहालयाला दिलेला पुरातत्त्वीय संग्रह भांडवली नफ्याच्या करातून वगळला होता. सरकारने जनहितार्थ दिलेल्या पुरस्कारांनाही करमाफीची तरतूद होती. वाट होती, पण नांगराच्या फाळाला नाणे लागलेल्या शेतकऱ्याला ती दाखवायची कोणी?

१०/ 'बक्षिसे दिली तर लोक टेकाडे खणून काढतील.' हा आक्षेप गंभीर आहे. उत्तर इंग्लंडमधील हॉक्सन येथे मिळते. १९९२ साली हरवलेला हातोडा शोधताना एकाला रोमन नाण्यांचा साठा लागला. त्याने खणणे थांबवून वर्दी दिली, म्हणून तज्ज्ञांना उरलेला साठा जागच्या जागी अभ्यासता आला. बक्षीस मिळाले साडेसतरा लाख पौंड, बाजारभावाने. योग्य बक्षीस हात थांबवते. चोरून खणते ती गुप्त बाजारपेठ, आणि तिला गिऱ्हाईक पुरवते ती दोन रुपये चाळीस पैशांची उदारता.

११/ म्हणून मागण्या चार. मोल द्रव्याचे नको, पुरातत्त्वीय महत्त्वाचे व्हावे. बक्षीस केवळ योगायोगाने सापडलेल्या, जागेसह तत्काळ कळवलेल्या वस्तूला. चोरून खणणाऱ्याला काहीही नाही. बक्षीस करमुक्त असल्याचे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लिहावे. आणि संग्रहालयात वस्तूशेजारी, संमती असेल तर, शोधणाऱ्याचे नाव असावे.

१२/ शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत मोठी आहे. तगरच्या व्यापाऱ्यांचा माल कुठवर पोहोचला, हे आम्ही अभिमानाने शिकतो. तो इतिहास ज्याच्या फाळाला लागला, त्याचे नाव लिहायला एक ओळ पुरे. ती ओळ ज्या समाजाला जड वाटते, त्याने गावकऱ्यांना वारशाची किंमत शिकवू नये.