गोळी देताना शेजघराची गोष्ट

देवासात गाणे शिकविणाऱ्या माणसाला औषधाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कुमार गंधर्व १९४८ साली क्षय घेऊन येथे आले, काही वर्षे त्यांना गाण्याची बंदी होती, आणि स्ट्रेप्टोमायसिन मिळाल्यावर ते पुन्हा गाऊ लागले, ही हकीकत येथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. त्याच औषधाने माणसाचा कान जाऊ शकतो, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही. गवयाला असे औषध देण्यापूर्वी कानाची गोष्ट काढावी, हे कोणीही कबूल करील. मग मन खचलेल्या गृहस्थाला गोळी देताना शेजघराची गोष्ट का काढू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

विषय पाहून काही वाचक पान उलटतील. त्यांस एवढेच स्मरण देतो की, र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मराठीतच चालविले, आणि त्यापायी खटलेही सोसले. आपल्या आजोबांच्या पिढीने ते वाचले. कपाटाआड का होईना.

क्षयाचा आणि या गोळ्यांचा संबंधही जुनाच. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड देताना त्यांची मने उल्हसित झालेली दिसली. खिन्नतेवरील औषधांची वाट तेथून फुटली. आज सर्रास दिली जाणारी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरोक्सेटिन ही औषधे पुष्कळांना तारतात. पण त्यांनी इच्छा मंदावते, पुरुषाची शक्ती उणावते, आणि स्त्री असो वा पुरुष, सुखाची परिसीमा लांबते किंवा येतच नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश पाहणीत ३४४ रोग्यांपैकी १४ टक्क्यांनी ही तक्रार आपण होऊन सांगितली. डॉक्टरांनी स्पष्ट विचारले तेव्हा आकडा ५८ टक्क्यांवर गेला. मधले ४४ टक्के आपल्याच आळीत राहतात, असे मला वाटते.

माझे वडील धारच्या वाड्यावर गात. १९७१ साली तनखे बंद झाले, पण दरबारी अदब आमच्या घरांतून गेली नाही. धारच्याच एका परिचितांनी, वय चाळिशीच्या आत, चार महिने गोळी घेतली. मन सावरले, पण पत्नीजवळ जाणे बंद पडले. यांचे मन दुसरीकडे गेले, असा त्या बाईंचा समज झाला. हे डॉक्टरांपाशी बोलले नाहीत, डॉक्टरांनीही विचारले नाही. एके दिवशी त्यांनी गोळी परस्पर टाकून दिली. आठवडाभर चक्कर, अंगात विजेसारखे झटके, आणि दोन महिन्यांत जुना अंधार परत. लाजेपायी औषध सुटते आणि औषध सुटल्याने प्राणावर बेतू शकते. म्हणून या दुष्परिणामाला किरकोळ म्हणणे मला मान्य नाही.

खिन्नतेनेही इच्छा मरतेच. म्हणूनच डॉक्टरांनी पहिली चिठ्ठी लिहिण्यापूर्वी पूर्वीची स्थिती विचारून ठेवावी, नाहीतर पुढे दोष रोगाचा की गोळीचा हे कळत नाही. बायकांना तर हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. त्यांना सुख असते हेच आपल्याकडे गृहीत नाही. दुसरी औषधेही आहेत. बुप्रोपियॉनने हा त्रास बराच कमी होतो, पण अपस्माराच्या रोग्याला ते देत नाहीत. मिर्टाझापिननेही कमी होतो. मात्र झोप आणि वजन वाढते. ज्याची झोपच उडाली आहे, त्याला ती झोप वरदानच. कधी मात्रा कमी करून भागते. आणि जीव देण्याचे विचार ज्याच्या मनात घोळतात, त्याला जे औषध लागू पडते ते आधी, शेजघर मागाहून. हा हिशेब डॉक्टर, रोगी आणि जोडीदार यांनी मिळून करावयाचा आहे. दुकानदाराशी किंवा शेजाऱ्याशी बोलून गोळी बदलण्याचा हा विषय नव्हे.

आमचे धारकर स्नेही दुसऱ्या खेपेस पत्नीला घेऊन इंदूरला गेले. प्रश्न त्या बाईंनीच काढला. डॉक्टरांनी हळूहळू औषध बदलले. आता त्यांचे वजन सहा किलोंनी वाढले आहे, आणि त्याची तक्रार ते भर चौकात करतात.