खाडीकाठचा गळ आणि घरातील ज्येष्ठ

देशावर थंडी बोचू लागली, की मुंबई-पुण्यातील कोकणी कुटुंबांना किनाऱ्याची आठवण येते. चार दिवस माडांच्या सावलीत राहावे, सकाळी खाडीकाठी बसून गळ टाकावा, असे बेत घरोघरी शिजू लागतात. त्यातच एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘बाबांना साखर आहे, रक्तदाब आहे, ते खोलीवरच आराम करतील.’ बालपणी ज्यांनी सुतळीला गरी बांधून मासे धरले, तेच खोलीत बसतात आणि इतर सारे काठावर जातात. हे टाळता येण्याजोगे आहे. बेत आखताना घरातील सर्वांत नाजूक प्रकृतीचे माणूस आधी डोळ्यांसमोर आणावे; त्याला सोसेल ती जागा आणि ती वेळ निवडली, तर उरलेल्यांची सहलही अधिक सुरक्षित होते.

प्रथम जागेचा विचार करू. मालवणजवळील देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांमधील रेतीची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला लाटा, तर दुसऱ्या अंगाला खाडीचे संथ पाणी. ज्येष्ठांसाठी खाडीचा काठ उत्तम. संगमाच्या मुखाशी मात्र ओहोटीच्या वेळी पाण्याला विलक्षण ओढ असते. तेथे गुडघाभर पाण्यातही कोणी उतरू नये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्यात मोडतो, म्हणून त्या बाजूस गळ टाकण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी.

जागा निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी, जिचा उच्चार सहसा कोणी करीत नाही. जवळपास स्वच्छतागृह नसेल, तर वडीलधारी माणसे संकोचाने पाणी पिणेच टाळतात. रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर अशा वेळी शरीर लवकर कोरडे पडते आणि उठून उभे राहताना भोवळ येते. म्हणून मुक्कामाच्या घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावरील काठ हा दूरच्या ‘हमखास मासे लागणाऱ्या’ काठापेक्षा चांगला समजावा.

आता वेळ. पौषातही कोकणात दुपारचा पारा ३० अंशांच्या वर जातो. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, घाम तत्काळ वाळतो आणि तहानही लागत नाही. मात्र त्वचा भाजायची ती भाजतेच, कारण पाणी आणि रेती यांवरून किरण परावर्तित होतात. सकाळी ७ ते १० हीच वेळ सर्वांत हितकर. त्या वेळेत भरतीचे पाणी मिळावे यासाठी पंचांग उघडावे. तिथीला पाऊणने गुणले, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. दशमीस साडेसात, द्वादशीस नऊ. या दिवसांत सकाळी पाणी चढलेले असते, उधाणाचा जोर नसतो आणि गळ टाकण्यासाठी निसरड्या चिखलातून खाली उतरावे लागत नाही. मधली एकादशी मासे न खाणाऱ्या घरांनी खुशाल विश्रांतीसाठी ठेवावी. नेमकी वेळ गावातील मच्छीमारांना विचारून घ्यावी.

पहाटेच्या लगबगीत औषधांची घडी विस्कटते, याकडे लक्ष द्यावे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न्याहारी ‘परत आल्यावर’ करण्याचा विचार धोक्याचा आहे. आधी न्याहारी, मग काठ, हा क्रम मोडू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पूड असावी. हात थरथरणे, दरदरून घाम, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे उन्हाचा त्रास समजून दुर्लक्षिली जातात. इन्सुलिन उन्हातील गाडीत ठेवू नये आणि बर्फाला थेट टेकवूही नये. शहाळे उत्तम पेय खरे. परंतु त्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना ते घेऊ नये. होडीतून जायचे असल्यास मळमळ रोखणारी गोळी आधी घेतात. पण तिने गुंगी येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ती अपाय करू शकते. डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी. होडीत प्रत्येकाच्या अंगावर मापाचे जीवरक्षक जाकीट असावे.

काठावर पाठीला टेकू देणारी खुर्ची, रुंद काठाची टोपी आणि बंद बूट एवढे साहित्य पुरे. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, त्यांनी अनवाणी मुळीच वावरू नये. शिंपल्याने कापलेले त्यांना कळत नाही आणि खाऱ्या पाण्यातील जंतूंमुळे जखम झपाट्याने चिघळते.

गळाला शेंगाळा लागल्यास त्याच्या पाठीवरील आणि बाजूच्या काट्यांपासून सावध राहावे. काटा रुतल्यास तो भाग सुमारे ४५ अंश तापमानाच्या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटे ठेवावा. उष्णतेने विषाचा जोर ओसरतो. मधुमेही व्यक्तीसाठी हे पाणी दुसऱ्याने स्वतःच्या हाताने तपासावे. त्यानंतर जखम डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. गरीचे उलटे टोक आधीच पकडीने दाबून ठेवले, तर बोटात रुतलेली गरी सहज निघते. डोळ्याला लागलेली गरी मात्र हलवू नये. डोळा झाकून तडक रुग्णालय गाठावे.

धरलेला मासा लगेच बर्फात जावा. बांगडा, सुरमई यांसारखे मासे उन्हात राहिले, तर त्यांत हिस्टामिन तयार होते आणि शिजवूनही ते नाहीसे होत नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, खाज, डोकेदुखी, धडधड असा त्रास होतो. अंग फुगविणारा केंड मासा कोणी कितीही आग्रह केला, तरी खाऊ नये. त्याचे विष प्राणघातक आहे.

ज्यांना गेल्या काही आठवड्यांत छातीत दुखले, दम लागला किंवा औषधांत बदल झाला, त्यांनी निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. मुक्कामी पोचताच जवळच्या रुग्णालयाची वाट पाहून ठेवावी आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातील मुलांनाही पाठ असावा.

एवढी तयारी झाली, की काठावरील पहिली खुर्ची आजोबांसाठी मांडावी. कोळंबीचे आमिष गरीला कसे लावायचे, तंगूस बोटावर धरून माशाचा झटका कसा ओळखायचा, हे नातवंडांना शिकविणारे माणूस घरातच आहे. तीन तासांत एखादीच मुडदुशी लागली तरी चालेल. दहा वाजता सर्वांनी मिळून सावलीत परतावे.