सोंग शब्दांचे



बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदाच रेल्वेने आपल्याकडे यावयास निघाला, की त्याला एक सूचना हटकून द्यावी लागते : "पाटीवर बेलापूर दिसेल, पण गाव श्रीरामपूरच. तिथेच उतरा!" दौंड-मनमाड मार्गावरील आपल्या स्टेशनाने पिढ्यान् पिढ्या शेजारच्या गावाचे नाव धारण केले, म्हणून काही त्या फलाटावर उतरलेला माणूस भलत्याच गावी पोहोचला नाही. नाव दुसऱ्याचे, मुक्काम मात्र आपलाच! आज ज्या विषयावर लिहिण्याचे मी धाडस करीत आहे, त्याचे मर्म मला या पाटीत दिसते.

विषय आहे मोबाईलवर शब्दांतून खेळल्या जाणाऱ्या सोंगांचा. आपली पिढी त्याला 'रोलप्ले' म्हणते. पाच-सहाजण एकत्र जमतात, जमतात म्हणजे पडद्यावरच. कथेचा प्रसंग ठरतो. प्रत्येकजण एकेक पात्र घेतो आणि आपल्या पाळीला त्या पात्राचे बोलणे-वागणे चार-सहा ओळींत लिहितो. पुढची पाळी दुसऱ्याची. शेवट कोणालाच ठाऊक नसतो. ना रंगभूषा, ना प्रेक्षक, ना टाळ्या!

'रिकामटेकड्यांचे उद्योग' अशी या खेळाची आपल्याकडे संभावना होते. माझे मत निराळे आहे. ज्याच्या तोंडून चारचौघांत शब्द फुटत नाही, अशा मुला-मुलींसाठी हा खेळ म्हणजे बोलके होण्याची एक पायरी आहे, असे मी म्हणते. मात्र ती पायरी आहे, घर नव्हे, हेही सांगावयाचे आहे.

हे मी कोणत्या अधिकाराने म्हणते? मी स्वतः त्या मुक्या मंडळींपैकी एक आहे, या अधिकाराने. शाळेत असताना एकदा धडा वाचताना माझी जीभ अडखळली आणि वर्ग हसला. बाईही हसल्या. त्यानंतर वर्गात मी आपणहून तोंड उघडले नाही. महाविद्यालयात आले तेव्हा हजेरीला 'यस सर' म्हणतानादेखील छातीत धडधडे. स्नेहसंमेलनाच्या नाटकाची निवड चालू असताना मी दोन वर्षे सभागृहाच्या दारापर्यंत गेले आणि चपला न काढताच परत फिरले. माझ्यासारखे प्रत्येक वर्गात चार-दोन असतातच. शेवटच्या बाकावर पाहा!

मामेबहिणीने मला अशा एका खेळात ओढले. प्रसंग असा होता : गोदावरीला पूर आला आहे, पैठणला निघालेले काही प्रवासी अलीकडच्या काठावरील धर्मशाळेत अडकले आहेत. कोणी व्यापारी झाले, कोणी कीर्तनकार, कोणी घरातून पळून आलेली सून. मी म्हातारा नावाडी मागून घेतला. कारण साधे होते : नावाड्याला फार बोलावे लागणार नाही!

नऊ दिवस मी नुसते वाचले. कोणी हाकलले नाही. दहाव्या रात्री लिहावयास बसले. आधी नावाड्याचे रूप, त्याचा पूर्वेतिहास, त्याचे दुःख अशी मोठी वीस ओळींची शब्दचित्रे काढली आणि खोडली. शुद्धलेखन चुकेल, लोक हसतील, ही धास्ती होतीच. अखेर एवढेच लिहिले : "पाणी अजून चढतंय. आज नाव सुटायची नाही. शेकोटी पेटवावी म्हणतो, पण काडीपेटी भिजली. कोणाकडं आहे का?"

पाठवले आणि मोबाईल उशीखाली दडवला. काही वेळाने पाहिले, तर पळून आलेल्या सुनेने लिहिले होते : "आहे. पण एकच काडी उरलीय, आजोबा. जपून ओढा."

वाचकहो, मी हसले. ते हसू माझ्यावर नव्हते, माझ्याबरोबर होते. एवढा फरक समजावयास मला कित्येक वर्षे लागली!

त्या काडीपेटीने मला पहिला धडा दिला. नवख्याला वाटते, आपले पहिले वाक्य सर्वांना दिपविणारे हवे. ते तसे नको. पहिले वाक्य असे हवे, की समोरच्याला उत्तर देता यावे. एखादी वस्तू पुढे करावी, एखादा साधा प्रश्न टाकावा. लाजाळू माणूस बोलत नाही तो शब्द नसतात म्हणून नव्हे. आपण परीक्षेला बसलो आहोत, असे त्याला वाटते म्हणून. समोरच्यासाठी जागा ठेवणारे वाक्य लिहिले, की परीक्षा संपते आणि संभाषण सुरू होते.

दुसरा धडा संथपणाचा. तोंडी बोलताना उत्तर तत्क्षणी द्यावे लागते. इथे पाच मिनिटे विचार करता येतो, खोडता येते, पुन्हा लिहिता येते. अडखळणारी जीभ इथे कोणाला ऐकू जात नाही. तिसरा धडा आडोशाचा. चूक झालीच तर ती नावाड्याची होते. 'मी' थोडी मागे, सुरक्षित उभी असते.

हा सारा प्रकार परदेशी आहे, असा आक्षेप येतो. खेळाची यंत्रे परदेशी आहेत, हे मान्य. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध झाला. 1978 साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने संगणकावर अनेकांनी मिळून शब्दांतून वावरावयाचे एक जग रचावयास घेतले आणि त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने ते पुढे नेले. त्याचे नाव 'मड'! लक्षात घ्या, हा उद्योग विद्यार्थ्यांचाच होता.

पण दुसऱ्याच्या तोंडाने आपले बोलणे, ही कला आपल्याला कोणी शिकवावी? शेजारच्याच नेवासे तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याच ज्ञानदेवांनी विराण्या रचल्या त्या विरहिणी स्त्रीच्या मुखाने. गोदाकाठच्या पैठणास सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे लिहिली, तेव्हा ते वासुदेव झाले, जोशी झाले, गोंधळी झाले, सासरी गांजलेली सून झाले. नाथांच्या सोंगांत एक सोंग मुक्याचेही आहे. मुका स्वतःच आपल्या मुकेपणाची हकिगत सांगतो! वर्गात ते भारूड शिकताना मी चमकले. ज्याला बोलता येत नाही त्यालाच बोलते करावयाचे, तर सोंगावाचून मार्ग कोणता? अलीकडच्या काळात या, तर राम गणेश गडकरी कवितेसाठी 'गोविंदाग्रज' आणि विनोदासाठी 'बाळकराम' झाले. नाव बदलले की लेखणीची चालही बदलते, हे त्यांना ठाऊक होते.

आता दुसरी बाजू. ती लपविली तर माझे हे लिहिणे वकिली ठरेल.

शब्दांचा खेळ म्हणून त्यात इजा होत नाही, हा भ्रम आहे. 1990 साली अमेरिकेत पॅव्हेल कर्टिस यांनी सुरू केलेल्या 'लॅम्डामू' नावाच्या शब्दजगात एका खेळाडूने आपल्या पात्राच्या आडून इतरांच्या पात्रांवर ताबा मिळविला आणि त्यांच्याकडून, त्यांच्या इच्छेविरुद्ध, किळसवाणी लैंगिक कृत्ये घडत असल्याचे सर्वांदेखत लिहिले. ज्यांची ती पात्रे होती त्या माणसांना खऱ्याखुऱ्या यातना झाल्या. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने 1993 साली ही हकिगत प्रसिद्ध केली आणि तिची पुष्कळ चर्चा झाली. तेव्हा या खेळाचा पहिला नियम हाच, की दुसऱ्याचे पात्र दुसऱ्याचे असते. माझा नावाडी वल्हे उगारू शकतो. ते कोणाला लागले की नाही, हे ज्याचे त्याने लिहावयाचे.

मलाही एक अनुभव आला. खेळातील एकजण रात्री खाजगीत लिहू लागला. आधी नावाड्याची स्तुती, मग माझे गाव, मग छायाचित्राची मागणी. मी घाबरले. बोलावे की गप्प बसावे? गप्प बसण्याची तर माझी जन्माची सवय! तरीही खेळ चालविणाऱ्या ताईंना सारा मजकूर दाखविला. त्या माणसास त्याच दिवशी बाहेर काढण्यात आले. नावाड्यासाठी नव्हे, स्वतःसाठी मी लिहिलेले ते पहिले वाक्य होते.

म्हणून नव्याने येणाऱ्यांस माझे सांगणे असे. आधी काही दिवस वाचा. त्यावरून मंडळी कशी आहे ते कळते. लहान गट निवडा, शक्यतो ओळखीच्या माणसाबरोबर जा. साधे पात्र घ्या. राजा-राणीपेक्षा नावाडी सोपा. पात्राचे बोलणे आणि आपले बोलणे वेगळे ठेवा. आपले म्हणणे कंसात लिहिण्याची रीत आहे, ती पाळा. खरे नाव, पत्ता, छायाचित्र देऊ नका. प्रसंग नकोसा झाला तर 'मला हे नको' असे कंसात स्पष्ट लिहा. त्यावर चिडणारी मंडळी आपली नव्हे, असे समजून खुशाल निघून या.

आणि वेळेचे भान ठेवा. मागील सत्रात मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नदीकाठी बसत असे. परिणामी अंतर्गत परीक्षेत गुण घसरले आणि वडिलांपुढे मान खाली गेली. शेजारच्या बाकावरील मैत्रिणीला आजारपणात भेटावयास जावयाचे राहून गेले, ते अधिक लागले. सोंगी भारूड करणारा कलावंत रात्रभर सोंगे नाचवितो, पण पहाटे तोंड धुऊन घरी जातो. रंग तसाच ठेवून शेतावर गेला तर लोक हसतील! सोंग उतरविता येते, यातच त्याची शोभा आहे.

मग एवढ्या खटाटोपाचा मला उपयोग काय झाला? वक्तृत्व स्पर्धेचा करंडक जिंकला, असे लिहावयास मला आवडले असते. तसे काही झाले नाही. भारुडाच्या तासाला सरांनी विचारले होते, "नाथांनी मुक्याचे सोंग का घेतले असावे?" मला उत्तर सुचले, पण हात वर झाला नाही. तास संपल्यावर ते कागदावर लिहून मी सरांच्या टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "हे तूच वाचून दाखव." मी उभी राहिले. चार ओळी होत्या. दुसऱ्या ओळीत अडखळले. मनातल्या मनात नावाड्याला हाक मारली, श्वास घेतला, आणि उरलेल्या दोन ओळी वाचल्या. कोणी हसले नाही. हसले असते तरी मी वाचल्या असत्या, असे आज वाटते.

प्राध्यापक मंडळींना एक नम्र विनंती. शेवटच्या बाकावरच्या मुलाला एकदम व्यासपीठावर ढकलू नका. त्याला आधी कागदावर एखादे पात्र द्या, लिहू द्या, आणि मग त्याचेच लिहिलेले त्याला वाचावयास सांगा. व्यासपीठाच्या पायऱ्या त्याला एकेक करून चढू द्या.

आणि शेवटच्या बाकावरील माझ्या बंधु-भगिनींनो, पाटीवर नाव कोणतेही असो, उतरावयाचे आपल्याच गावी आहे. पूर ओसरेपर्यंत धर्मशाळेत बसण्यात कमीपणा नाही. फक्त कोणी काडीपेटी मागितली, तर 'आहे' म्हणा.