तीन-नऊ बाय चाळीसचा फंडा

‘तीन-नऊ बाय चाळीस.’ नाही हो, हा वाकडच्या वन बीएचकेमधल्या बेडरूमचा साइज नाही. रायफलवर बसवतात त्या दुर्बिणीचे, म्हणजे स्कोपचे हे आकडे. तीनपट ते नऊपट मोठं दिसणार आणि पुढच्या काचेचा व्यास ४० मिलिमीटर. गेले दोन महिने डेन्व्हरमधल्या आमच्या ऑफिसात लंच टाइमला मी दुसरं काही बोललेलेच नाही. कारण ऑक्टोबरमध्ये माझ्या नावावर एल्कचा टॅग आहे. आयुष्यातला पहिला!

थांबा, लगेच पान उलटू नका. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार हा विषयच मिटला, आणि बरंच झालं. कोलोरॅडोत मामला वेगळा आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा इथे एल्क जास्त. किती मारायचे ते सरकार दरवर्षी ठरवतं आणि त्या हिशेबाने टॅग वाटतं. बंदूक-काडतुसांवरचा केंद्रीय कर १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. खाण्याजोगं मांस जंगलात टाकून आलात तर तो गुन्हा. आणि एच-वन-बीवाल्यांनो, व्हिसावर असताना बंदूक जवळ ठेवायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. शिकारीचं लायसन्स हातात असेल तर त्यातून सूट मिळते. माझं ग्रीन कार्ड झालंय, त्यामुळे तो प्रश्न मिटला. उरला आईचा. फोनवर तिचं एकच वाक्य: ‘मारणारच असशील तर हाल करू नकोस त्याचे.’

तर स्कोपची सगळी शॉपिंग मी या एका वाक्यावर केली.

एल्क म्हणजे काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातेवाईक, पण अंगाने दांडगा. मोठा नर सव्वातीनशे किलोच्या आसपास. छातीवरची हृदय-फुफ्फुसाची जागा सोडून गोळी दुसरीकडे लागली, तर हे जनावर जखम घेऊन मैलोनमैल चालतं आणि कुठल्या तरी दरीत तडफडून मरतं. ते कुणालाच सापडत नाही. म्हणजे आईचं ऐकायचं तर गोळी जागेवरच जायला हवी.

दुकानात गेलं की सेल्समन पहिल्यांदा पाच-पंचवीसवाला स्कोप पुढे करतो. पंचवीसपट! मोबाइलच्या मेगापिक्सेलसारखाच हा गेम, बॉस. आकडा मोठा की आपण खूश. पण नऊपटवर शंभर यार्डांवरचा जेमतेम तेरा-चौदा फूट रुंदीचा तुकडा दिसतो, तीनपटवर तीस फुटांच्या वर. झाडीतून अचानक एल्क निघाला आणि स्कोप फुल झूमवर असेल, तर नुसती तपकिरी केसांची भिंत दिसणार. मान कुठली, मांडी कुठली, कळायचं नाही. शिवाय पॉवर वाढली की आपल्याच हाताची थरथर तेवढ्याच पटीत वाढून दिसते. नऊ हजार फुटांवर चढ चढून धापा टाकताना ती किती असेल, विचार करा.

खरा फंडा उजेडाचा आहे. कायद्याने सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार करता येते. एल्क उघड्यावर येतो तो नेमका या कडेच्या वेळी. आता सोपं गणित: काचेचा व्यास भागिले पॉवर. ४० भागिले ९, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षाही बारीक उजेडाचा झोत डोळ्यात येतो. पॉवर ५ वर आणा, झोत ८ मिलिमीटर. अंधारात आपली बाहुली जास्तीत जास्त सातेक मिलिमीटर उघडते आणि वय वाढतं तशी कमीच. म्हणजे संध्याकाळी झूम कमी केला की चित्र उजळ होतं, तेही फुकटात! ५० मिलिमीटरची काच घेतली तर पॉवर जास्त ठेवता येते, पण वजन वाढतं आणि स्कोप उंच बसवावा लागतो. मग गाल रायफलच्या लाकडावर नीट टेकत नाही. माझा चेहरा लहान, मान आखूड. माझ्यासाठी चाळीसच सही.

काच कुठली घ्यायची? स्वारोव्स्की हे नाव ऐकून तुम्हाला मॉलमधले कानातले आठवतील. त्याच घराण्याची ऑस्ट्रियातली दुसरी कंपनी १९४९ पासून दुर्बिणी बनवते. एकदा त्यातून बघितलं की घरी यावंसं वाटत नाही, आणि किंमत ऐकली की थांबावंसं वाटत नाही. ओरेगॉनच्या ल्युपोल्डची गोष्ट मला जास्त आवडते. मालक हरणाच्या शिकारीला गेला, ऐनवेळी स्कोपच्या आत धुकं धरलं, हरीण निसटलं आणि चिडून त्याने स्वतःच स्कोप बनवायला घेतले. १९४७ ची गोष्ट. आता बऱ्या स्कोपमध्ये नायट्रोजन किंवा तसलाच कोरडा वायू भरून नळी सीलबंद करतात. पहाटे बर्फात, दुपारी गाडीच्या हीटरमध्ये असा प्रवास असताना ही गोष्ट मी पॉवरच्या आधी विचारते.

आणखी एक खास आपल्यासाठी, मैत्रिणींनो. डोळा आणि मागची काच यात साडेतीन-चार इंच अंतर लागतं. ते कमी पडलं तर धक्क्याने स्कोप मागे येतो आणि भुवईवर अर्धगोल कापून जातो. चंद्रकोर टिकलीचीच बरी.

शेवटी मी तीन-नऊ बाय चाळीसच घेतला, एक इंची नळीचा, तीनशे डॉलरच्या आत. वाचलेले पैसे गळ्यात अडकवायच्या चांगल्या बायनॉक्युलरवर टाकले, आणि तेही यापेक्षा जास्त. उधळपट्टी नाही ही. आमच्या भागात नर मारायचा तर एका शिंगाला किमान चार टोकं हवीत, नाहीतर भुवईजवळचं टोक पाच इंचांचं हवं. ती टोकं स्कोपमधून मोजायला गेलात तर रायफलची नळी कुणाकडे रोखलेली असते? झाडीत हलणारं ते जे काही आहे, ते नारिंगी जॅकेटमधलं माणूसही असू शकतं. बघायचं बायनॉक्युलरने. स्कोपला डोळा लावायचा तो निर्णय झाल्यावर.

गेल्या शनिवारी रेंजवर दोनशे यार्डांना झीरो करून आले. स्कोपचा एक क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच, दोनशेवर अर्धा. माझ्या थर्टी-ओ-सिक्सची गोळी तिथून तीनशे यार्डांपर्यंत आठ-नऊ इंच खाली जाते. शिकवणाऱ्या आजोबांनी मग मला उभं राहून, गुडघ्यावर बसून, बॅगवर टेकून, सगळ्या पोझमध्ये गोळ्या झाडायला लावल्या. टेबलावर टेकून तीन गोळ्या दोन इंचांत. उभ्याने? कागदाला लागल्या, एवढंच सांगते. म्हणून माझी हद्द ठरली: काही तरी टेकू असेल तर दोनशे यार्ड, नसेल तर ट्रिगरला बोट नाही. आणि घड्याळात वेळ उरली असली तरी काळा क्रॉस तपकिरी अंगावर स्पष्ट दिसेना झाला की रायफल रिकामी करून खाली उतरायचं.

स्कोपची रिंग सोमवारी जागेवरून हललेली नाही ना, ते बघायला परत जायचंय. आईला अजून फोन केलेला नाही.