एका दिवसाचं क्योटो : काय पाहायचं, त्याआधी काय सोडायचं



माझा भाऊ नोकरीसाठी ओसाकाला असतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आई, मी आणि माझा सहावीतला मुलगा त्याच्याकडे गेलो होतो. तिथून रेल्वेने अर्ध्या तासावर क्योटो. भावाला रविवारचीच सुट्टी, त्यामुळे क्योटोसाठी हातात एकच दिवस. बेत आखायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. घरात वेळापत्रक लावण्याची सवय मलाच! आठ तासिका लावाव्यात तशी मी आठ ठिकाणं लावली. कागदावर ते इतकं छान दिसत होतं की भावाने फोटो काढून ठेवला.

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "काय काय पाहिलंत क्योटोला?" आई म्हणाली, "बस पाहिली."

सगळे हसले, मीही हसले. पण ते मनाला लागलं. आई अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात. ती पुन्हा जपानला जाईल असं मला वाटत नाही. तिचा तो एक दिवस मी बसच्या दांड्याला धरून घालवायला लावला.

चूक कुठे झाली? मी प्रसिद्धीच्या क्रमाने यादी केली, नकाशा पाहिलाच नाही. इयत्ता सातवीला दिशा शिकवणाऱ्या बाईने ही चूक करावी! सोनेरी मंदिर, म्हणजे किंकाकुजी, शहराच्या वायव्येला. अराशियामाचं बांबूचं बन पश्चिमेच्या टोकाला. कियोमिझू-देरा पूर्वेच्या डोंगराला टेकलेलं आणि लाल कमानींचं फुशिमी इनारी दक्षिणेला, आग्नेयेकडे. म्हणजे मी शहराच्या चारही कडा एका दिवसात शिवायला निघाले होते. त्यात क्योटोत भुयारी रेल्वेचे मार्ग दोनच, बरीच मंदिरं त्यांच्यापासून लांब, म्हणून सगळी गर्दी बसवर. तिथे बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि पैसे देऊन पुढच्या दाराने उतरायचं. भरलेल्या बसमध्ये आईला हाताला धरून मागून पुढे न्यायचं म्हणजे काय, ते मला विचारा. दिवसाअखेर आठपैकी पाच ठिकाणं झाली. तीही 'झाली' एवढंच.

फुशिमी इनारीला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. हे भाताच्या देवतेचं स्थान, कोल्हे तिचे दूत. डोंगरावर हजारो लाल कमानी एकीला एक लागून उभ्या आहेत. आईत चढायची ताकद उरली नव्हती, ती भावाबरोबर खालीच बसली. मी आणि मुलगा थोडं वर जाऊन आलो. उतरताना मुलाला दिसलं की कमानींच्या मागच्या बाजूला काळी अक्षरं आहेत. वर जाताना ती दिसत नाहीत, परतताना दिसतात. त्याने मामाला विचारलं. मामा म्हणाला, ती कमान देणाऱ्याचं नाव आणि तारीख असते, बरेचसे व्यापारी आणि कंपन्या. आई लगेच म्हणाली, "म्हणजे आपल्या देवळातल्या फरशीवर असतात तशी!" अख्ख्या दिवसात ती एवढ्या उत्साहाने पहिल्यांदाच बोलली. आणि तिने त्या कमानी जवळून पाहिल्याच नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत असं झालंय की एका दिवसात क्योटोची एकच बाजू घ्यावी. पूर्व घ्यायची तर सकाळी लवकर फुशिमी इनारी. ते रात्रंदिवस उघडं असतं, तिकीट नाही, क्योटो स्टेशनहून नारा मार्गावरचं दुसरं स्टेशन, आणि स्टेशनच्या समोरच दार. वर शेवटपर्यंत जाऊन यायला दोन-तीन तास लागतात, पण तेवढं चढलंच पाहिजे असं काही नाही. मग केइहान रेल्वेने आठ-दहा मिनिटांत कियोमिझू-गोजो. तिथून चढ चालत कियोमिझू-देरा. डोंगरउतारावर उंच लाकडी खांबांवर उभा असलेला त्याचा सज्जा पाहायचा. आजची वास्तू १६३३ची आहे. पुढे सान्नेनझाका, निनेनझाका या दगडी पायऱ्यांच्या जुन्या गल्ल्यांतून उतरत मारुयामा बाग, यासाका मंदिर आणि दिवे लागताना गिऑन. दुपारनंतर एकही बस नाही. थकल्या माणसाला चढावर टॅक्सी करून द्यावी, तिथे काटकसर नको. कचऱ्यासाठी एक पिशवी मात्र जवळ ठेवा, रस्त्यावर डबे फार कमी आहेत. आमच्या दशम्यांचा कागद दिवसभर माझ्या पर्समध्ये होता.

"एवढे पैसे खर्चून गेलो आणि सोनेरी मंदिर सोडून आलो?" असं माझ्या एका सहकारी सरांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. तळ्यातलं ते प्रतिबिंब खरोखर सुंदर आहे. (मंदिर मात्र १९५०च्या आगीनंतर १९५५ साली पुन्हा बांधलेलं आहे, आणि आत जाता येत नाही.) ते पाहायचंच असेल तर मग पश्चिमेचा दिवस करा: किंकाकुजी, तिथून चालत र्योआन-जीची दगड-वाळूची बाग, पुढे निन्ना-जी आणि छोट्या रांदेन गाडीने अराशियामा. पण मग इनारी सोडा. दोन्ही एका दिवसात धरू नका, एवढंच माझं म्हणणं. पैसे जास्त खर्च झालेत म्हणून तर जे पाहू ते नीट पाहायला हवं ना?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी सातवीच्या वर्गात क्योटोचा नकाशा लावला, तीच आठ ठिकाणं दिली आणि सांगितलं, एका दिवसाचा बेत करा. सोबत आजी आहे. बहुतेकांनी माझ्यासारखंच केलं, आठही ठिकाणं कोंबली. काहींनी तर जेवायलाही वेळ ठेवला नव्हता. एका मुलीचा हात वर झाला, "बाई, आजी बसणार कुठे?" तिच्या वहीत चारच ओळी होत्या, सगळ्या पूर्वेच्या. तिसरी ओळ होती: मारुयामा बाग, आजीची विश्रांती, ४० मिनिटं.

आता आपल्या सहलींचं बघा. पहाटे पाचला निघून एका दिवसात दोन किल्ले, एक धरण, एक देऊळ, वर वॉटर पार्क, आणि रात्री अकराला पेंगलेली मुलं पालकांच्या ताब्यात. पालकांनाही 'किती ठिकाणं' हेच विचारायची सवय आपणच लावली आहे. यंदाच्या सहलीच्या नोटिशीतून मी दोन ठिकाणं खोडली आहेत. तिसऱ्याबद्दल मुख्याध्यापकांशी बोलणं चालू आहे.