खेळाच्या तासाला बसून राहिलेलीं मुलें

कात्रज येथें एका आप्ताकडे गेलों असतां तेथील एका हायस्कुलांत शारीरिक शिक्षणाचा तास पाहण्याचा योग आला. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. आम्हीं पाहिलें तें त्या एका शाळेपुरतें नाहीं, व आमची खेड्यांतली शाळाही त्यांतून सुटलेली नाहीं. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस पाठ पाहावयास शिकविलें, तें मास्तर काय बोलतो हें टिपून घेण्याचें. त्या दिवशीं मात्र आम्हीं मास्तराकडे न पाहतां मुलांकडे पाहिलें, आणि हातांत घड्याळ धरलें.

वर्ग आठवीचा, मुलें ५८, तास ३५ मिनिटांचा. खालीं उतरून रांगा लावण्यांत ८ मिनिटें गेलीं. हजेरी, गणवेश व बूट तपासण्यांत ७ गेलीं. ज्यांच्या पायांत कॅनव्हासचे बूट नव्हते अशा सहा जणांस बाजूला उभें केलें. म्हणजे ज्यांच्या बापाला बूट परवडले नाहींत त्यांचा खेळ तेथेंच संपला! उरलेल्या २० मिनिटांसाठीं एक बॅट व एक चेंडू बाहेर आला. रोज पुढें घुसणारे बाराएक मुलगे खेळले. मुलींस एक रिंग देऊन झाडाखालीं पाठविलें. चौघींनीं ती फेकली, बाकीच्या मुलग्यांचीं दप्तरें सांभाळीत बसल्या. मागच्या रांगेंतली एक मुलगी आम्हीं मुद्दाम नजरेंत धरली होती. रांगेंत चालण्यापलीकडे तिचें अंग साऱ्या तासांत हललें नाहीं.

शिक्षक वाईट होते असें आम्ही म्हणत नाहीं. कार्यालयांतून त्यांस दोनदां बोलावणें आलें. कसलेसे फॉर्म संगणकांत भरावयाचे होते. मैदानावरच्या मास्तराला शाळेचा फावला कारकून समजावयाचें, ही चाल सर्वत्र पडली आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगत आहे कीं, ५ ते १७ वर्षांच्या मुलांचें अंग रोज सरासरी ६० मिनिटें चांगलें दमलें पाहिजे. आणि येथें अख्ख्या तासांत पांच मिनिटें मिळण्याची मारामार!

खेळाच्या तासाचा व आमच्या चळवळीचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध जुना आहे. जोतीराव फुले दांडपट्टा व नेमबाजी शिकले ते लहुजी वस्ताद साळवे यांच्यापाशीं. ज्या पुण्यांत मांगाची सावली चालत नव्हती, त्याच पुण्यांत माळ्याच्या मुलानें मांग वस्तादाला गुरु केलें. पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं शिक्षक मागितले ते शेतकरीवर्गांतले, मुलांत मिसळणारे, नांगराचें रुमणें धरावयास न लाजणारे. जो अंग राखून दूर उभा राहतो तो बहुजनसमाजाच्या मुलांचा मास्तर होऊं शकत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. आज पुष्कळ शाळांत जुना पंतोजी राहिला नाहीं; खुर्चीवर आपलाच माणूस बसला आहे. तरी अंगमेहनत हलकी व घोकंपट्टी थोर, ही भटशाहीची उतरंड आपण जशीच्या तशी जपून ठेविली आहे. हा दोष आतां कोणाच्या माथीं मारावयाचा?

याच कात्रजच्या तळ्याचें पाणी पेशव्यांनीं अठराव्या शतकांत नळ बांधून पुण्यास नेलें. शहरांत हौद झाले, पण अस्पृश्यांस हौदाला शिवण्याची मनाई. १८६८ सालीं जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद त्यांस खुला केला. पाणी होतेंच, तें कोणी घ्यावें हा प्रश्न होता. मैदानाचेंही तसेंच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेस मैदान व खेळाचें साहित्य असावें असें ठरविलें. पण चेंडू कोणाच्या हातीं जावा हें कायदा येऊन पाहत नाहीं. तें मास्तरानें व चालकांनीं पाहावयाचें आहे.

आमचे पालक म्हणतात, “पोरें घरीं राबतात तेवढें पुरे, खेळून का पोट भरतें?” पालकहो, राबणें वेगळें व खेळणें वेगळें. हंडा वाहून एक खांदा झिजतो. खेळानें सारें अंग तयार होतें, दम वाढतो, आणि हरल्यावर पुन्हां उभें राहावें हें कळतें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस कुस्तींत कांस्यपदक मिळविलें, याचा आपणांस अभिमान आहे. परंतु शाळा खाशाबा शोधण्यापुरतीच नाहीं. ज्या मुलाला पदक मिळणार नाहीं त्यालाही छाती आहे, पाय आहेत.

आम्हीही या पापाचे वांटेकरी आहों. परीक्षा जवळ आली कीं खेळाचा तास गणिताला घेणारे आम्हीच. कात्रजहून परतल्यावर तें सोडलें. आतां दहा-दहा मुलांचे गट करतों, खडूनें चौकोन आंखतों, आणि लंगडी, कबड्डी, खो-खो आळीपाळीनें चालतात. या खेळांस बूट लागत नाहींत, पैसा लागत नाहीं. हजेरी खेळ चालू असतांनाच घेतों. गटाची नायकी दर आठवड्यास बदलते, आणि ती मुलींकडेही येते. पळावयास लावणें ही शिक्षा म्हणून वापरणें आम्हीं बंद केलें. ज्याला शिक्षा म्हणून पळविलें तो आवडीनें कसा पळेल?

चालकांस आमचें एकच मागणें आहे. शाळेच्या भिंतींना नवा रंग देण्याआधीं एकदां खेळाच्या तासाला मैदानावर येऊन उभे राहा. पालकांनींही यावें. चांगलें कोण खेळतो हें पाहूं नका. बसून कोण राहिलें तें मोजा. तीं कोणाचीं मुलें आहेत हें ओळखावयास तुम्हांस फार वेळ लागणार नाहीं.

— एक खेडवळ शाळामास्तर